पुढे चाल कोणाला?

दौंडहून पुण्याला निघणाऱ्या सकाळच्या गाडीत मे महिन्यात दोनच विषय असतात, पाणी आणि आयपीएलचा गुणतक्ता. पाण्याचा विषय पाटस येईपर्यंत आटोपतो, गुणतक्ता हडपसरपर्यंत पुरतो. मी मूळचा शिरूरचा, म्हणजे रेल्वे नसलेल्या तालुक्यातला. नोकरीपायी काही वर्षं दौंडला राहिलो तेव्हा या गाडीची सवय लागली. समोरच्या बाकावर राज्य राखीव दलातून निवृत्त झालेले एक अण्णा बसत. त्यांच्या शर्टाच्या खिशात बोटभर जाडीची डायरी असे. आत उभ्या-आडव्या रेघा मारून दहा संघांचे रकाने केलेले. कोण कोणाशी एकदा खेळणार तिथे टिंब, दोनदा खेळणार तिथे टिंबाभोवती गोल. २०२४ च्या मे महिन्यात त्यांनी ते पान माझ्यापुढे धरलं. "बघा की. चेन्नईला लखनौ दोनदा, बेंगळुरूला कोलकाता दोनदा. एकाच्या ताटात वरण, एकाच्या ताटात दगड. अन् वर म्हणायचं, पंगत एकच हाय."

अण्णांची तक्रार नवी नाही आणि ती एकट्या क्रिकेटची नाही. साखळीत सगळे सगळ्यांशी सारख्या वेळा भिडत नाहीत, तिथे ती उगवतेच. कबड्डीत उगवली, रणजीत पन्नास वर्षांपूर्वी उगवली, समुद्रापार रग्बीत दरवर्षी उगवते. तिच्यात तथ्य किती आणि बाद फेरीचं तिकीट हुकल्याची आदळआपट किती, हे एकदा सगळं जवळ मांडून बघावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी हिशेब. दहा संघांनी एकमेकांशी घरी एकदा आणि दारी एकदा खेळायचं, तर प्रत्येकाचे १८ सामने होतात आणि साखळीचे एकूण ९०. आयपीएलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला १४ येतात, एकूण ७०. नऊ प्रतिस्पर्ध्यांत चौदा सामने वाटायचे तर पाच जणांशी दोनदा आणि चौघांशी एकदा, याखेरीज तोडगा नाही. २००८ ला स्पर्धा सुरू झाली तेव्हा संघ आठच होते. सात प्रतिस्पर्धी, दुप्पट केले की चौदा, हिशेब चोख. २०११ मध्ये कोची आणि आपले पुणे वॉरियर्स आत आले आणि वाटणी पहिल्यांदा वाकडी झाली. पुढे संघ गळाले, वाटणी सरळ झाली, २०१४ ला पुन्हा आठ राहिले. २०२२ मध्ये गुजरात आणि लखनौ आले, पुन्हा गट, पुन्हा टिंबं आणि गोल. गंमत म्हणजे २०२३ ते २०२७ च्या प्रक्षेपण हक्कांची निविदा निघाली, तेव्हा पहिली दोन वर्षं ७४ सामने, मधली दोन ८४ आणि शेवटच्या वर्षी ९४, अशी चढण तिच्यात होती. ९४ म्हणजे साखळीचे ९० आणि वर बाद फेरीचे ४. समान वाटणीची किंमत किती, हे नियामकांना आकड्यानिशी ठाऊक आहे. २०२५ उजाडलं तरी सामने ७४ च होते.

आता अण्णांचं ताट तपासू. १८ मे २०२४ ला बेंगळुरूत चौथ्या जागेसाठी चेन्नई आणि बेंगळुरू समोरासमोर आले. बेंगळुरूने २१८ केल्या. चेन्नईला सामना हरूनही २०१ पर्यंत पोचलं की पुरत होतं, तेवढंही जमलं नाही. २७ धावांनी हार, दोघांचेही १४ गुण, आणि निव्वळ धावगतीवर बेंगळुरू आत. पहिल्या आठांपैकी सात सामने हरलेला संघ ओळीने सहा जिंकून वर आला होता. आता दोघांना 'जास्तीचा' म्हणून मिळालेला प्रतिस्पर्धी बघा. बेंगळुरूला मिळालं कोलकाता, त्या वर्षीचं विजेतं. चेन्नईला मिळालं लखनौ, तक्त्यात सातवं. कागदावर चेन्नईची चंगळ. प्रत्यक्षात बेंगळुरू कोलकात्याकडून दोन्ही वेळा हरलं, त्यातलं एकदा एका धावेने. आणि चेन्नई लखनौकडून दोन्ही वेळा हरलं, दुसऱ्यांदा तर स्वतःच्या अंगणात, स्टॉयनिसने नाबाद १२४ ठोकल्यामुळे. दगड आणि वरण, दोन्ही ताटांतून पोटात गेलं शून्य. हे मी अण्णांना मांडून दाखवलं. त्यांनी डायरी मिटली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ह्ये आता कळलं. वेळापत्रक निघालं तवा कुणाला ठावं हुतं?"

प्रश्नाचं खरं टोक इथे आहे असं मला वाटतं. प्रतिस्पर्धी कठीण की सोपा, हे वेळापत्रक छापताना कोणाला कळत नाही. मागल्या वर्षीचा शेर यंदा शेळी होतो. शिवाय वाटणी समान असली म्हणून भांडणं मिटतात असंही नाही. २०१९ मध्ये आठच संघ होते, सगळे सगळ्यांशी दोनदा खेळले, आणि तरीही हैदराबाद १४ पैकी आठ सामने हरून, १२ गुणांवर, केवळ धावगतीच्या जोरावर चौथं आलं. त्या वर्षी तर तक्रारीला वेळापत्रकाचा आधारही नव्हता. तरीही लोकांनी ती केलीच.

कबड्डीचा अनुभव आपल्याला जास्त जवळचा, कारण इथल्या पोरांचं मन तिच्यात असतं. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. २०१७ च्या पाचव्या हंगामात बारा संघ झाले आणि त्यांचे दोन झोन पडले. स्वतःच्या झोनमधल्या पाच संघांशी तीन-तीनदा, समोरच्या झोनमधल्या सहा जणांशी एकेकदा आणि वर एक 'वाइल्ड कार्ड' सामना, असे बावीस. पुणेरी पलटण आणि यू मुंबा एकाच झोनमध्ये होते. महाराष्ट्राचे दोन संघ तीन-तीनदा भिडणार म्हणून प्रक्षेपणवाले खूश, आणि तीन वेळा एकाच पकडीत सापडायचं म्हणून चढाईपटू नाखूश. २०१९ मध्ये झोन मोडले, अकरा जणांशी दोनदा, बावीस सामने, स्वच्छ. २०२५ च्या बाराव्या हंगामात मात्र प्रत्येकाला अठराच सामने आले. अठराला अकराने भाग जात नाही, हे चौथीतला पोरगाही सांगेल. कोणाशी दोनदा, कोणाशी एकदा, हे सगळं पुन्हा सुरू. पण त्या वर्षी पुण्यात त्यावर कोणी फार बोललं नाही, कारण पलटण अंतिम फेरीत गेली आणि दिल्लीकडून २८–३१ अशी हरली. वेळापत्रकाच्या अन्यायाबद्दल बोलतो तो सहसा बाहेर राहिलेला.

समुद्रापार, रग्बी लीग नावाच्या तेरा-तेरा जणांच्या खेळात या तक्रारीला रीतसर नाव आहे. त्या खेळाची ओळख आपल्या माणसाला एका वाक्यात करून द्यायची तर, चेंडू घेऊन चढाई, समोरच्यांची पकड, आणि सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्याला. इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये बारा संघ असताना बावीस सामन्यांत समान वाटणी पुरी होत असे. पण तिकीटबारीसाठी आणखी पाच सामने जोडलेले, म्हणजे काहींशी तिसऱ्यांदा गाठ. त्यांना तिकडचे लोक 'लूप फिक्स्चर' म्हणतात, आणि ते शब्द उच्चारतानाचा सूर आपल्याकडे 'लोडशेडिंग' म्हणतानाच्या सुरासारखा असतो. ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये २०२३ पासून सतरा संघ आहेत, प्रत्येकाचे २४ सामने, म्हणजे आठ जणांशी दोनदा आणि आठ जणांशी एकदा. त्यातून हंगामाच्या मध्यावर दोन राज्यांची प्रतिष्ठेची मालिका येते आणि क्लबांचे चांगले खेळाडू तिकडे जातात. त्याच आठवड्यात तुमचा सामना अशा क्लबाशी पडला तर लॉटरी, आठवडाभर नंतर पडला तर नशीब फुटकं. अमेरिकेच्या फुटबॉलवाल्यांनी तर असमानता लाजेकाजेने नव्हे, ठरवून ठेवली आहे. ३२ संघ, १७ सामने, आणि त्यातले काही सामने मागल्या वर्षी तुम्ही गटात कितवे आलात त्यावरून ठरतात. पहिल्याला पहिले, शेवटच्याला शेवटचे.

आपल्याकडचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कमी चर्चिलेलं उदाहरण रणजीचं. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. नंतर विभागवार साखळी आली आणि पश्चिम विभागात महाराष्ट्र कोणाबरोबर, तर मुंबईबरोबर. विभागात पहिला येईल तोच पुढे. आणि मुंबई तेव्हा अशी, की १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वेळा करंडक तिच्याकडेच. म्हणजे देशातला सगळ्यात बलाढ्य संघ बाद फेरीच्या उंबरठ्यावरच आडवा. दुसऱ्या विभागातले मध्यम संघ बाद फेरीत खेळत असताना पुण्याचे चांगले खेळाडू घरी. १९७०-७१ ला नियम बदलला, विभागातले पहिले दोन पुढे जाऊ लागले. आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामना कोणाचा झाला? मुंबई आणि महाराष्ट्राचा. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते, सुधीर नाईक मुंबईचे कर्णधार. तरीही मुंबई ४८ धावांनी जिंकली. हरलं ते हरलं, पण महाराष्ट्र देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ ठरू शकतो आणि आजवर त्याला दारातूनच परत पाठवलं जात होतं, हे त्या एका वर्षाने दाखवून दिलं. असमान वेळापत्रकाचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही. प्रतिस्पर्धी एकदा की दोनदा हा किरकोळ मामला. त्याच्या पाठीमागे उभं राहून तुम्हाला रांगेत पुढे जाताच येत नसेल, तर तो अन्याय.

रणजीतच याची दुसरी बाजूही सापडते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम हाताशी आला असताना पाहुण्यांनी सामना सोडून दिला. स्पर्धेत मुंबईही असते आणि काठियावाडही असतो. कोण कोणत्या दिवशी कसा निघेल आणि कोण मैदानच सोडून जाईल, हे कोणत्याही टिंबा-गोलाच्या तक्त्यात मांडता येत नाही.

कोणाशी खेळायचं यापेक्षा कुठे आणि कधी खेळायचं, याने जास्त फरक पडतो, असं मला हे सगळं चाळल्यावर वाटू लागलं आहे. २०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. मैदानांवर पाणी मारण्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवा, असा आदेश झाला. रायझिंग पुणे सुपरजायंट्सचं 'घर' गहुंज्याहून उठून विशाखापट्टणमला गेलं. आमच्या भागात त्या उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजणारी माणसं होती, त्यामुळे कोणाला त्याचं दुःख झालं नाही. झालं तेच योग्य झालं. पण तक्त्यात 'घरचा सामना' असं लिहिलेला सामना कुठे व्हावा, हे पावसावर, पाटबंधाऱ्यावर आणि न्यायालयावरही ठरतं. दोन वर्षांनी उलट घडलं. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं आणि चेन्नईचे घरचे सामने पुण्याला आले. चेन्नईहून प्रेक्षकांची खास रेल्वे निघाली होती. चेन्नईचा लोहमार्ग दौंडवरूनच येतो. पिवळे शर्ट घातलेली ती माणसं हजाराच्या घरातल्या किलोमीटरचा प्रवास करून 'घरच्या' मैदानावर चालली होती.

कबड्डीत तर घरचं मैदान उलटंही पडे. प्रो कबड्डीचा तांडा एका शहरात मुक्काम करायचा आणि यजमान संघ आपल्या प्रेक्षकांपुढे लागोपाठ रात्री खेळायचा. टाळ्या भरपूर, विश्रांती नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्री गुडघे बोलायला लागले की समोरचा ताजा संघ लोण चढवून जायचा.

शिरूर-दौंडच्या माणसाला मात्र हे सगळं ऐकून फारसं नवल वाटत नाही. भीमेच्या दोन्ही काठांना जत्रेत वाढलेल्याने स्पर्धा भरवण्याच्या तीन वेगळ्या रीती लहानपणीच पाहिलेल्या असतात.

एक बैलगाड्याची. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे घोडी, मागे बैल, आणि समोर प्रतिस्पर्धी कोणी नाही, फक्त घड्याळ. सेकंदाच्या अपूर्णांकावर निकाल, दिवसातला सर्वांत वेगवान तो घाटाचा राजा. साताऱ्या-सांगलीकडे गाडे शेजारी शेजारी पळतात, गट, सेमी, फायनल असं चालतं. तिथे गटात कोण पडलं यावर नशीब. आमच्याकडे वेळापत्रकाचा प्रश्नच घड्याळाने खाऊन टाकला आहे, असं वाटेल. पण गाडामालकाला विचारा. तो म्हणेल, बारी कितवी लागली ते आधी सांगा. सकाळचा घाट घट्ट, दुपारचा भुगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला बंद केलेल्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या काही जत्रांमध्ये निकालाइतकाच वाद बारीच्या क्रमावर झालेला मी पाहिला आहे.

दुसरी रीत हगाम्याची. कुस्तीच्या आखाड्यात पंचमंडळी पैलवानाला उभं करतात, वजन डोळ्याने जोखतात, खांद्यावर हात ठेवून बघतात आणि जोड लावतात. "ही जोड बसत नाही," असं कोणीही ओरडून सांगू शकतो, आणि ऐकलंही जातं. अमेरिकेच्या फुटबॉलवाल्यांनी संगणकावर बसवलेली गोष्ट आमच्याकडे फेट्यातली माणसं नजरेने करतात. महाराष्ट्र केसरीत ती सोय नाही. तिथे गादी आणि माती असे दोन विभाग आणि दोघांतले विजेते शेवटी भिडणार. जानेवारी २०२३ ला पुण्यात सिकंदर शेख माती विभागात महेंद्र गायकवाडकडून हरला आणि त्या कुस्तीतल्या गुणांवरून बरेच दिवस वाद चालला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नगर रस्त्यावरच्या फुलगावला शिवराज राक्षेला हरवून तो महाराष्ट्र केसरी झाला. शिरूरहून तिथे गेलेल्या जीपमधली मंडळी परतताना म्हणत होती, मागल्या खेपेला हाच विभाग दुसरा असता तर? या 'असता तर'ला उत्तर नाही.

आणि तिसरी रीत चिठ्ठीची. गावच्या कबड्डी स्पर्धेत तेरा संघ आले तर सोळाचा आराखडा करतात, सोळातून तेरा वजा, तीन संघांना पुढे चाल. पुढे चाल म्हणजे न खेळता पहिली फेरी पार. याहून असमान वेळापत्रक जगात नसेल. एक संघ रात्री दहाला घाम गाळतोय आणि दुसरा भेळ खात बसलाय. तरीही त्यावर कधी मारामारी झालेली मी पाहिलेली नाही, कारण चिठ्ठी सगळ्यांसमोर निघते. आयपीएल किंवा प्रो कबड्डीच्या वेळापत्रकावर लोक चिडतात ते त्यातल्या असमानतेमुळे नव्हे, असं माझं मत झालं आहे. २०२२ ला आयपीएलने संघांचे गट पाडले ते आधीची विजेतेपदं आणि अंतिम फेऱ्या मोजून, आणि ते जाहीर सांगितलं. त्यावर फारसा गदारोळ झाला नाही. पण कोणता सामना दुपारच्या उन्हात, कोणाला दोन सामन्यांमध्ये सहा दिवस आणि कोणाला एकच, हे बंद खोलीत ठरतं आणि एके दिवशी छापून येतं. तिथे चिठ्ठी कोणी उचलली हे दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की ती आपल्याविरुद्धच उचलली.

आता बाद फेरी. तिचा दरवाजा जितका रुंद तितकं वेळापत्रकाचं पाप धुऊन निघतं, हे तिच्या बाजूने म्हणता येईल. लीड्सचा रग्बी संघ २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षं साखळीत पाचवा आला आणि दोन्ही वेळा अंतिम सामना जिंकून विजेता झाला. पण हा दरवाजा आत घेतो तसा बाहेरही ढकलतो. २०१७ मध्ये पुण्याच्या संघाने मुंबईला साखळीत दोन्ही वेळा हरवलं, पहिल्या पात्रता सामन्यात वानखेडेवर जाऊन तिसऱ्यांदा हरवलं. चौथी गाठ २१ मे ला हैदराबादला, अंतिम सामन्यात. मुंबई १२९, पुणे १२८. मुंबईने २०१४ मध्येही या दरवाजातून असंच अंग चोरून जागा केली होती. राजस्थानविरुद्ध १९० धावा १४.३ षटकांत हव्या होत्या, तेव्हा धावा बरोबरीत आल्या, आणि पुढच्या चेंडूवर चौकारही चालेल असं कळल्यावर आदित्य तरेने फुलटॉस थेट प्रेक्षकांत भिरकावला. राजस्थानच्या बाकावर द्रविडसारख्या माणसाने टोपी जमिनीवर आपटली. त्या वर्षी आठच संघ होते आणि वेळापत्रकाची वाटणी अगदी सारखी होती.

दोन वर्षांपूर्वी न्हावऱ्याच्या बाजूला एका जत्रेत गेलो होतो. पासष्ट किलो गट, नदीपलीकडून दौंडकडचे चार संघ, एकूण तेरा. मैदानावर पाणी मारून फक्की ओढलेली, दिव्यांभोवती किडे. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून पाचवीतल्या एका पोराला उचलायला सांगितलं. पहिली पुढे चाल यजमान गावालाच निघाली. दौंडकडच्या बाजूने हाकाटी झाली, "आरं, पोरगं कुणाचं हाय ते बघा!" पोरगं सरपंचांचा पुतण्या निघालं. मग एका म्हाताऱ्याने सगळ्या चिठ्ठ्या परत मागवल्या, मांडीवर ठेवून एकेक सारखी घडी घातली, पोराच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या, डबा स्वतः तीनदा हलवला आणि पलीकडच्या संघातल्याच एका पोराला म्हणाला, "तू काढ." त्याने डोळे मिटून हात घातला. माइकवाल्याने चिठ्ठी उलगडली, क्षणभर थांबला आणि हसायला लागला. पुन्हा यजमानच. दौंडकडचे सगळ्यात आधी हसले. पहिला सामना साडेअकराला सुरू झाला.